पिशव्यांची किल्ली कोणाकडे: स्टोमानंतरच्या भावनिक छळाचं एक प्रकरण

स्टोमाच्या, म्हणजे आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे मळासाठी पिशवी लावण्याच्या शस्त्रक्रियेनंतर नवरा-बायकोच्या नात्यात ताण येतो, हे आम्ही रुग्णांना आधीच सांगून ठेवतो. पण कधी कधी त्या ताणाच्या आडून छळ चाललेला असतो आणि आमच्या नेहमीच्या तपासणीत तो सुटून जातो. स्टोमा नर्स म्हणून काम करताना हे मला पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. ही एका बाईची हकीकत नाही. अनेक रुग्णांकडून आलेले धागे एकत्र विणले आहेत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

रुग्ण आणि शस्त्रक्रिया

बाई चौतीस वर्षांच्या, एका कार्यालयात हिशेबाचं काम करणाऱ्या. लग्नाला नऊ वर्षं झालेली, सहा वर्षांची मुलगी. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या थराला दाह आणि जखमा होण्याचा आजार, बरीच वर्षं होता, औषधांनी कधी आटोक्यात यायचा, कधी उसळायचा. शेवटच्या वेळी दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताचे जुलाब, ताप आणि नाडी १०० च्या वर अशा अवस्थेत त्यांना दाखल केलं. शिरेतून स्टिरॉइड देऊन तीन दिवसांत उतार पडला नाही. इन्फ्लिक्सिमॅब या दाह कमी करणाऱ्या इंजेक्शननेही फरक पडला नाही. आतडं फुटण्याआधी निर्णय घेणं भाग होतं. सर्जननी मोठं आतडं काढलं, गुदाशय जागेवर ठेवला आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून इलिओस्टोमी केली. इतक्या आजारी शरीरावर ओटीपोटातली पुढची मोठी शस्त्रक्रिया करत नाहीत, ती नंतरसाठी ठेवतात.

पुढचं समजायला स्टोमाची थोडी माहिती हवी. तो लालबुंद आणि ओलसर दिसतो. त्याला वेदना कळत नाही, पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरायचं कारण नसतं. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे काय आणि कधी बाहेर पडेल यावर माणसाचा काहीच ताबा नसतो. इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली पातळसर मळ येतो. त्यात पाचक रस असल्याने तो कातडीला लागला तर कातडी सोलवटते. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. कातडीला चिकटणारी बेसप्लेट साधारण तीन-चार दिवसांनी बदलायची.

वॉर्डात नवरा रोज हजर असायचा. पिशवी बदलायला तोच आधी शिकला. बाई तेव्हा अशक्त होत्या आणि पोटाकडे पाहायलाही तयार नव्हत्या. घरी जाताना त्याने पिशव्यांचा खोका स्वतः उचलला. "मी सगळं बघतो, तू काळजी करू नकोस," असं तो म्हणाला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. त्या आठवड्यांतली त्याची मेहनत खोटी नव्हती, हे मुद्दाम लिहिते.

सहा आठवड्यांनंतरची भेट

तपासणीच्या खोलीत दोघं आले. "जेवण कसं आहे ताई?" असं मी विचारलं की उत्तर नवरा द्यायचा. झोप, वेदना, पिशवी किती वेळा रिकामी करता, सगळ्याची उत्तरं त्याच्याकडून. बाई त्याच्याकडे पाहायच्या आणि मान हलवायच्या. नुसतं एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. आजारपणात पुष्कळ जोडीदार असेच बोलतात, काळजीपोटी.

मी बेसप्लेट सोडवली. कडेला साध्या चिकटपट्टीचे थर होते, एकावर एक, चार तरी. खालचे पिवळे पडलेले, वरचा ताजा. काढलेल्या बेसप्लेटची मागची बाजू आम्ही नेहमी पाहतो, कारण चिकट थर किती वितळला आहे त्यावरून ती किती दिवस पोटावर होती याचा अंदाज येतो. इथे भोकाभोवतीचा थर जवळजवळ कडेपर्यंत विरघळलेला होता. आणि भोक मोठं होतं. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, म्हणून दर वेळी मोजून भोक कापायचं असतं आणि स्टोमाभोवती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा सोडायची नसते. स्टोमा २८ मिलिमीटरवर आला होता आणि भोक ३५ चं होतं. उघड्या राहिलेल्या कातडीची साल निघाली होती, हवा लागली तरी झोंबत होती.

"पिशवी स्वतः बदलता का?" या प्रश्नावर बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "येते मला बदलता." मी करायला सांगितलं. त्यांनी कातडी पुसली, कोरडी केली, माप घेतलं, भोक कापलं, प्लेट हाताच्या उबेने दाबून बसवली. कुठेही चूक नाही. हात सराईत होता.

खटकलं ते इथेच. ज्या बाईला इतकं नीट जमतं, तिची कातडी अशी का? ज्ञान होतं, हातात कसब होतं, तरी प्लेट वेळेवर बदलली जात नव्हती. बाईंशी एकट्यात बोलता यावं म्हणून नवऱ्याला मी पावती आणि अर्ज देऊन दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, पण तो बाईंनाही बरोबर घेऊन गेला.

पुन्हा दाखल

पुढच्या पंधरवड्यात त्या चक्कर येऊन पडल्या. पायात गोळे येत होते, लघवी अगदी कमी. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून १.९ झालेलं आणि लघवीतलं सोडियम जवळजवळ शून्य, म्हणजे शरीर मिळेल तेवढं मीठ धरून ठेवत होतं. इलिओस्टोमीनंतर पुन्हा दाखल होण्याचं निर्जलीकरण हे एक मोठं कारण आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सलाइन सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, पिशवीत जास्त येतंय का? पण वॉर्डात मोजलं तर चोवीस तासांत ४०० मिलीसुद्धा नाही. पिशवीतून वाहून जात नव्हतं, तोंडातूनच आत जात नव्हतं.

त्या दिवशी भेटीची वेळ संपल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. नवरा घरी गेला होता. दार लावलं आणि सांगितलं की हा प्रश्न मी प्रत्येक स्टोमा रुग्णाला एकट्यात विचारते: घरात पिशवीवरून कोणी बोलतं का? कोणाची भीती वाटते का?

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, मी कमी खाते. पाणीपण कमीच पिते. म्हणजे पिशवी भरत नाही. भरली की त्यांना त्रास होतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पिशव्यांचा खोका नवऱ्याच्या कपाटात, कपाटाला कुलूप. आठवड्याला एक प्लेट मिळायची. "वाया घालवतेस" म्हणून जास्तीची मिळायची नाही. पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या मापाने त्याने सगळ्या प्लेट एकदम कापून ठेवल्या होत्या. मोजून नव्याने कापू का, असं विचारलं तर "माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं?" पिशवीत आवाज झाला की तो चारचौघांत थांबून तिच्याकडे बघायचा. ती खोलीत आली की सुवासिक फवारा मारायचा, वास असो वा नसो. "थोडं थांबवता येत नाही का? मुद्दाम करतेस," हे रोजचंच. ज्या नातेवाइकांना काहीच कळू नये अशी तिची इच्छा होती, त्यांना त्याने फोन करून सगळं सांगितलं, आणि तेही हसत. मुलगी जवळ येऊन बसली की म्हणायचा, "आईला चिकटू नकोस, घाण लागेल." मुलीने जवळ यायचं बंद केलं होतं. हे सांगताना बाईंचा आवाज पहिल्यांदा फुटला.

रात्री वेगळंच. दिवसभर किळस दाखवणारा माणूस रात्री हक्क सांगायचा. तिने नको म्हटलं तरी ऐकायचा नाही, आणि नंतर तोंड फिरवून "शिसारी येते" म्हणायचा. ही बळजबरी आहे. लग्न झालं आहे म्हणून तिला दुसरं नाव देता येत नाही.

आणि या सगळ्यावर एक वाक्य, जे मी कितीतरी रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे: "माझ्या जागी दुसरा असता तर केव्हाच सोडून गेला असता."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मारहाण एकदाही झाली नव्हती. म्हणून त्या म्हणाल्या, "तसं ते वाईट नाहीत हो. हात नाही उचलला कधी."

ताण कुठला आणि छळ कुठला

या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार आम्ही या प्रश्नावर केला, कारण इथे घाई झाली तर दोन्हीकडून अन्याय होतो. दमलेल्या जोडीदाराला छळ करणारा ठरवलं जातं, नाहीतर छळ सोसणाऱ्याला "तो थकलाय, समजून घे" असं सांगून परत त्याच घरात पाठवलं जातं. दुसरी चूक जास्त होते.

जोडीदाराला सुरुवातीला किळस वाटू शकते. स्टोमा बघायचा नाही, पिशवी बदलायला मदत करायची नाही, काही दिवस वेगळं झोपायचं, हे सगळं म्हणण्याचा त्याला हक्क आहे. तो चिडेल, रडेल, एखादा शब्द टोचेल असा बोलून जाईल. अगदी हे नातं मला पुढे न्यायचं नाही असंही तो म्हणू शकतो. यातलं काहीही सोसायला सोपं नाही, पण यातलं काहीही छळ नाही. ताण असलेल्या घरात दोघांनाही बोलता येतं. टोचून बोललेल्याची बोलणाऱ्यालाच नंतर लाज वाटते. आणि माहिती मिळाली, गळती थांबली, रात्रीची झोप मिळाली की वागणं बदलतं. वास पिशवी रिकामी करताना किंवा गळती झाली तरच येतो, पिशवी बंद असताना येत नाही, एवढं नीट कळलं तरी कितीतरी घरांतली निम्मी धुसफूस थांबते.

छळात त्रासाचं कारण पिशवी नसतेच. पिशवी हाताशी आलेलं साधन असतं. स्टोमाच्या बाबतीत ते फार सोयीचं साधन आहे, कारण माणसाला घराबाहेर पडण्यासाठी, कामावर जाण्यासाठी, शेजारी बसण्यासाठी ती वस्तू लागतेच. ती कोणी अडवून धरली तर बाईला कोंडून ठेवायला दाराला कडी लावायची गरज उरत नाही. पिशव्या मोजून देणं, पाण्यावर आणि खाण्यावर नजर ठेवणं, इच्छेविरुद्ध इतरांना सांगणं, मुलांना दूर करणं, डॉक्टरांसमोर तिच्या वतीने बोलणं, "तुला आता कोण घेणार" हे रोज ऐकवणं: यातली एखादी गोष्ट एकदा घडली तर तो प्रसंग असतो. त्या एकमेकींना जोडून रोज चालल्या आणि बाई नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून पाण्याचा पेला खाली ठेवायला लागली, तर तो छळ.

तरीही नुसत्या ऐकलेल्यावर थांबू नये असं मला वाटतं. आमच्याकडे एक कसोटी होती, ती आम्ही लावली. बाईंना विचारून, त्यांनी मला सांगितलेल्यातलं अक्षरही न काढता, नवऱ्याला फक्त स्टोमाची माहिती द्यायला बोलावलं. माप कसं घ्यायचं, प्लेट किती दिवसांनी बदलायची, पाणी आणि मीठ कमी पडलं तर मूत्रपिंडाला काय होतं. तो शांतपणे ऐकत होता, प्रश्नही चांगले विचारले. त्यानंतर नवं माप आलं, कातडीवर पावडर आणि संरक्षक थर लावणं सुरू झालं, गळती थांबली. दोन आठवड्यांत कातडी भरून आली. ज्या वासावरून आणि डागांवरून आठ आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं ते दोन्ही संपलं.

टोमणे संपले नाहीत. आता विषय आवाजाचा झाला. मग कपड्यांचा, की पोटाकडे लक्ष जातं. मग तिच्या पगाराच्या खात्याचा पासवर्ड, "औषधपाणी मीच बघतो ना". मग फोन, बहिणीशी इतकं काय बोलतेस. एक कारण मिटलं की दुसरं उभं राहत होतं. आमच्या मनातली शंका तिथे संपली.

जोडप्याचं समुपदेशन का नाही

वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी सुचवलं, दोघांना एकत्र समुपदेशकाकडे पाठवू या. हेतू चांगला होता. पण एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल तर एकत्र बैठक धोक्याची ठरते. बाई तिथे खरं बोलली तर घरी त्याची शिक्षा भोगते, खोटं बोलली तर समुपदेशक चुकीच्या गोष्टीवर काम करत राहतो. शिवाय "दोघांनीही थोडं बदलायला हवं" या मांडणीत छळाची निम्मी जबाबदारी सोसणाऱ्यावर येते. म्हणून बाईंसाठी स्वतंत्र समुपदेशन ठरवलं. नवऱ्यालाही स्वतंत्रपणे मदत घेता येईल हे वेगळं सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत अशा वेळी पहिल्या आधाराचे पाच भाग दिले आहेत: ऐकणं, गरजा विचारणं, विश्वास दाखवणं, सुरक्षितता वाढवणं आणि पुढची मदत मिळवून देणं. यात "नवऱ्याला सोड" कुठेही नाही. आम्हीही ते एकदाही म्हटलं नाही. बाईंच्या आयुष्यातले निर्णय आधीच दुसरा कोणी घेत होता, त्या रांगेत आम्ही उभं राहायचं नव्हतं.

प्रत्यक्षात केलं ते

सगळ्यात आधी पिशव्या. पुरवठा बाईंच्या नावावर आणि त्यांच्या फोन नंबरवर केला, सामान कामाच्या ठिकाणी येईल अशी व्यवस्था केली. एक छोटा संच टेबलाच्या खणात, एक मोठ्या बहिणीकडे, एक पर्समध्ये. संचात दोन कापलेल्या प्लेट, दोन पिशव्या, पुसायला कापड, कचऱ्याची पिशवी आणि कपड्यांचा एक जोड. ऐकायला किरकोळ वाटेल. पण कपाटाची किल्ली त्याच्याकडे असूनही आता काही अडत नाही, हे लक्षात आलं त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "आज मी पोटभर जेवले."

खाण्या-पिण्याचंही नव्याने शिकवलं. इलिओस्टोमीत नुसतं साधं पाणी भरपूर पिऊन भागत नाही, उलट मीठ आणखी धुवून निघतं. क्षारसंजीवनी दिवसभर थोडी थोडी घ्यायची. लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहताना अंधारी आली तर वाट न पाहता यायचं. काहीजणांना मळ घट्ट करणारं लोपेरामाइड हे औषध लागतं. यांना लागलं नाही, पोटात अन्न गेलं तशी तब्येत सावरली.

सुरक्षिततेचा आराखडा समुपदेशकांनी केला. ओळखपत्रं, शस्त्रक्रियेचे कागद आणि बँकेचे तपशील यांच्या प्रती बहिणीकडे. फोनवर एक साधं वाक्य ठरलं, ते ऐकलं की बहिणीने काही न विचारता यायचं. फोनचे पासवर्ड बदलायचे की नाही हे मात्र बाईंवर सोडलं, कारण अचानक बदललेला पासवर्ड कधी कधी नवीनच भडका उडवतो. वकिलांशी एक भेट झाली. मारहाण नसली तरी कायदा ऐकतो, हे बाईंना तिथे पहिल्यांदा कळलं. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हिंसाचारात मोडतो, आणि इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदारावर सतत नियंत्रण ठेवणारं वागणं २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरलं आहे. त्यांनी त्या वेळी तक्रार केली नाही. पण "हात नाही उचलला" हे वाक्य त्यानंतर त्यांच्या बोलण्यात आलं नाही.

त्या एका वाक्याचं, "दुसरा असता तर सोडून गेला असता", काय करायचं हा प्रश्न उरला होता. ते बाईंच्या मनात खोल रुतलं होतं. समुपदेशकांनी त्यावर एक अभ्यास समोर ठेवला. २००९ मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात तो आला होता. मेंदूची गाठ, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेले ५१५ विवाहित रुग्ण त्यात होते. रुग्ण बायको असेल तर घटस्फोट किंवा फारकत २०.८ टक्के घरांत झाली, रुग्ण नवरा असेल तर २.९ टक्के. हा फरक वाचून राग येतो, आणि यायला हवा. पण बाईंनी तोच आकडा उलटा वाचला: म्हणजे आजारी बायको असलेल्या दहांतल्या जवळजवळ आठ घरांत नवरा सोडून गेला नाही. अभ्यास स्टोमाचा नाही, आणि एकत्र राहिलेली सगळीच घरं सुखाची असतील असंही त्यातून निघत नाही. तरी सोबत राहणं हे कोणी केलेले उपकार आहेत, आणि त्यांची फेड रोज अपमान गिळून करायची, ही समजूत त्यातून सैल झाली.

तिला सर्वांत जास्त उभारी मात्र दुसऱ्या एका बाईने दिली. इलिओस्टोमीला वीस वर्षं झालेल्या, नोकरी करून निवृत्त झालेल्या, प्रशिक्षण घेऊन नव्या रुग्णांना भेटणाऱ्या. या कामाची परंपरा जुनी आहे. क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमा रुग्णांच्या काळजीसाठी नेमलेल्या नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी होती, आणि आमच्या पेशाची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. जे आम्ही दहा वेळा सांगून पोहोचत नाही ते अशा व्यक्तीच्या नुसत्या समोर बसण्याने पोहोचतं. त्या दोघी काय बोलल्या ते मला पूर्ण माहीत नाही. बाहेर येताना आमच्या रुग्णाने विचारलं, "यांनी एवढा वेळ शेजारी बसून मला काहीच कळलं नाही, यांची पिशवी कुठे असते?"

मुलीचं काम बहिणीने केलं. मावशीने तिला सोप्या शब्दांत सांगितलं की आईचं पोट आजारी होतं, डॉक्टरांनी नवीन वाट करून दिली, पिशवी स्वच्छ असते आणि आईला मिठी मारली तर काही होत नाही. मुलीने एकच प्रश्न विचारला: "जोरात मारली तर?" काही महिने जड उचलायचं नाही, पण मिठी जोरात चालते, असं मी सांगितलं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न

छळाचा हात ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतो, याची शंका सर्जनलाही सहसा येत नाही. चौथ्या महिन्यात नवरा-बायको दोघं आले आणि इलिओअॅनल पाउच करायची तयारी दाखवली. म्हणजे गुदाशय काढून लहान आतड्याची पिशवीसारखी जागा आतच तयार करायची आणि पोटावरचा स्टोमा कालांतराने बंद करायचा. पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया पुष्कळांना चांगलं आयुष्य देते. पण ती केली की सगळं पूर्वीसारखं होतं असं नाही. दिवसाला पाच ते आठ वेळा शौचाला जावं लागू शकतं. जवळजवळ निम्म्या रुग्णांना कधी ना कधी त्या आतल्या पिशवीचा दाह होतो. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेमुळे बाईला दिवस जाणं अवघड होऊ शकतं. आणि मधल्या टप्प्यात बहुतेकदा पुन्हा एक स्टोमा असतोच.

सर्जननी बाईंना एकट्यात विचारलं, तुम्हाला का करायची आहे? त्या म्हणाल्या, "म्हणजे घर टिकेल."

सर्जननी तारीख दिली नाही. हे वैद्यकीय कारण नाही, आणि या कारणाने केलेल्या शस्त्रक्रियेत एखादी गुंतागुंत झाली तर तिचाही दोष तुमच्यावरच येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घाईही नव्हती. मागे ठेवलेला गुदाशय दुर्बिणीने ठरावीक काळाने तपासत राहावा लागतो, कारण तिथे दाह राहतो आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. अधूनमधून त्या वाटेने चिकट स्राव येतो, तोही अपेक्षित आहे. पण काही महिने विचार करायला वेळ होता. मला वाटतं, सगळ्या उपचारात हा नकार फार मोलाचा होता.

पुढे

तारीख मिळाली नाही म्हटल्यावर घरात मोठं भांडण झालं आणि ठरलेलं वाक्य फोनवर बोललं गेलं. बाई मुलीला घेऊन बहिणीकडे गेल्या. नवऱ्याने आधी धमक्या दिल्या, मग माफी मागितली, फुलं पाठवली. बाईंनी एक अट घातली: स्वतः समुपदेशकाकडे जा, काही महिने सलग. तो दोनदा गेला, नंतर गेला नाही. घटस्फोटाचा निर्णय त्यांनी अजून घेतलेला नाही आणि त्यासाठी त्यांच्यामागे कोणी लागलेलं नाही. मुलीची आणि वडिलांची भेट बहिणीच्या घरी, ठरलेल्या वेळी होते.

वजन सात किलोंनी वाढलं, क्रिएटिनिन नॉर्मल झालं. कातडीचा त्रास परत आला नाही. कामावर त्या पूर्ण वेळ जातात. तिथल्या एका मैत्रिणीला त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत स्टोमाबद्दल सांगितलं. कोणाला सांगायचं हे या वेळी त्यांनीच ठरवलं होतं.

गुदाशयाची दुर्बीण तपासणी वेळेवर झाली, सौम्य दाह आहे, त्यावर औषध चालू आहे. पाउच करायचा, की गुदाशय काढून इलिओस्टोमी कायम ठेवायची, की आहे तसंच राहायचं, यावर पुढच्या भेटीत सर्जनशी बोलणं आहे. या खेपेला त्या प्रश्न लिहून आणणार आहेत. त्यातला पहिला मला आधीच दाखवला: कायमची ठेवली तर पोहायला जाता येईल का? जाता येतं.

आमच्या विभागात यानंतर एक गोष्ट पक्की झाली. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक स्टोमा रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, निदान एकदा पूर्ण एकट्यात भेटायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: तुमच्या पिशव्या कुठे ठेवलेल्या असतात, त्या तुम्हाला हव्या तेव्हा मिळतात का, आणि पिशवी भरू नये म्हणून तुम्ही कमी खाता-पिता का.